डोक्याच्या बाजूने

दातांच्या डॉक्टरची बसायची जागा पेशंटच्या डोक्यामागे असते. खुर्ची मागे झुकते, माणूस आडवा होतो आणि मी स्टूल ओढून त्याच्या टाळूशी बसतो. आमच्या शिक्षणात या जागा घड्याळाच्या आकड्यांनी शिकवतात. पेशंटचं डोकं बारावर, पाय सहावर. उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर नऊ ते बारा यांच्यामध्ये सरकत राहतो आणि वरच्या दाढांचं काम असलं की बारावर स्थिर होऊन छोट्या आरशातून बघतो. म्हणून नागपूरच्या नंदनवन भागातल्या माझ्या दवाखान्यात दिवसाचा बराचसा वेळ माझ्यासमोर उलटे चेहरे असतात. कपाळ माझ्याजवळ, हनुवटी पलीकडे, भुवयांच्या वर डोळे आणि डोळ्यांच्या वर नाक.

ही माणसं अनोळखी नसतात. जगनाडे चौकापासून केडीके कॉलेजपर्यंतच्या पट्ट्यात दवाखाना चालवला की हळूहळू सगळी वस्ती आपल्याकडे येऊन जाते. दूध घालणारे भाऊ, किराणा दुकानातल्या काकू, हसनबागेतून येणारी अख्खी कुटुंबं, वाठोड्याकडून नातवाला गाडीवर पुढे उभं करून आणणारे आजोबा. रस्त्यात दिसले तर मी त्यांना दुरून, हेल्मेटमधून दिसणाऱ्या अर्ध्या चेहऱ्यावरूनही ओळखतो. तेच माणूस खुर्चीत आडवं झालं आणि मी बारावर जाऊन बसलो की माझ्या हातून निसटतं. नाव माहीत असतं, केसपेपर समोर असतो, आत्ताच दारात उभं राहून बोलणं झालेलं असतं. तरी खाली दिसणारा चेहरा कुणाचाही असू शकतो.

शाळेत मला गणित शिकवणारे सर रूट कॅनलसाठी आले तेव्हा हे मला सगळ्यात तीव्रपणे जाणवलं. त्यांच्या भुवया आम्हा मुलांच्या पाठ होत्या. उजवी भुवई किंचित वर गेली की उत्तर चुकलं हे फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलाला न बोलता कळायचं. निवृत्तीनंतर ते याच भागात राहायला आलेले. भूल चढेपर्यंत मी त्यांच्या मागे बसून होतो, आणि मुद्दाम त्या भुवया बघत होतो. भुवया होत्या, नाकाजवळचा तीळ होता, कपाळावरच्या आठ्याही होत्या. एकेक खूण मोजता येत होती आणि सर मात्र त्यांत कुठेच नव्हते. चूळ भरायला खुर्ची सरळ केली, ते वळले, आणि एका क्षणात सर परत आले, त्या भुवईसकट. मी नकळत ताठ बसलो.

या अनुभवामागे संशोधनाचा मोठा इतिहास आहे हे मला पुढे वाचनातून कळलं. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट यिन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना चेहऱ्यांची, घरांची, विमानांची चित्रं दाखवली आणि नंतर त्यांतली कोणती आधी पाहिली होती ते विचारलं. चित्रं सरळ असताना लोकांना चेहरे सगळ्यात चांगले ओळखू आले. तीच चित्रं उलटी केल्यावर घरं आणि विमानं ओळखणंही थोडं अवघड झालं, पण चेहऱ्यांची घसरण इतकी मोठी होती की जे सगळ्यात सोपं होतं ते सगळ्यात कठीण होऊन बसलं. प्रत्येक वस्तू उलटी केल्यावर थोडी अनोळखी होते, हे आपण धरूनच चालतो. चेहऱ्याचं काही वेगळंच होतं, हे यिनने दाखवलं.

वेगळं ते काय, याचं आता बऱ्यापैकी मान्य झालेलं उत्तर असं आहे. चेहरा आपण तुकड्यांनी ओळखत नाही. डोळे कसे, नाक कसं, ओठ कसे अशी बेरीज करून माणूस मिळत नसतो. सगळ्या माणसांना दोन डोळे, एक नाक आणि एक तोंड त्याच क्रमाने असतं. फरक असतो तो बारीक अंतरांत आणि एकमेकांशी असलेल्या संबंधांत, आणि ते सगळं आपण एका नजरेत, एकदमच पकडतो. चेहरा सरळ असेल तरच ही पकड बसते. उलटा केला की ती सुटते, आणि मग आपल्या हाती उरतात ते सुटे अवयव. जुन्या छापखान्यातला जुळारी उलटे खिळे झरझर वाचायचा, कारण अक्षर एकेक करून वाचलं तरी शब्द लागतो. चेहऱ्याला तसं लावता येत नाही.

याचा सर्वांत थक्क करणारा पुरावा १९८० सालचा आहे. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन यांनी तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा हसरा फोटो घेतला, त्यातले डोळे आणि तोंड कापून जागच्या जागी उलटे चिकटवले. तो फोटो सरळ धरला तर अंगावर काटा येईल इतका भेसूर दिसतो. पण आख्खा फोटो उलटा धरला तर बाई साध्या, हसऱ्या दिसतात. बिघाड तेवढाच असतो, पण तो जाणवत नाही. माझ्या भाच्याने कॉम्प्युटरवर माझ्याच फोटोचं असं करून दाखवलं. मी रोज तोंडं बघणारा माणूस. उलट्या फोटोत माझं स्वतःचं तोंड उलटं लावलेलं आहे, हे कळायला मला तो फोटो फिरवावा लागला.

मेंदूत चेहऱ्यांसाठी खरंच वेगळी वाट आहे का, या प्रश्नावर दोन रुग्णांनी जो प्रकाश टाकला त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. संशोधनात त्यांची फक्त आद्याक्षरं येतात. सी. के. नावाच्या रुग्णाला डोक्याला मार लागल्यानंतर वस्तू ओळखता येईनाशा झाल्या, पण चेहरे तो उत्तम ओळखायचा. आर्चिंबोल्दो या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराने फळं आणि भाज्या रचून माणसांचे चेहरे रंगवले आहेत. सी. के.ला त्यांत चेहरा लगेच दिसायचा, फळं दिसायचीच नाहीत. आणि चेहरा उलटा दाखवला की हाच माणूस पार अडखळायचा. १९९७ साली टोरांटोच्या संशोधकांनी हे प्रसिद्ध केलं. दुसरा एल. एच. त्याची गोष्ट बरोबर उलटी. त्याची चेहरे ओळखण्याची शक्ती गेलेली होती, आणि १९९५च्या एका अभ्यासात सरळ चेहऱ्यांपेक्षा उलटे चेहरे त्याला जास्त चांगले जुळवता आले. त्याच्या मेंदूतली मोडलेली वाट सरळ चेहरा दिसला की आपणहून पुढे यायची आणि काम बिघडवायची. उलट्या चेहऱ्याच्या वेळी ती बाजूला राहायची, असा त्याचा अर्थ लावला गेला. मला एल. एच.बद्दल फार वाईट वाटतं. आपलं माणूस समोर उभं राहिलं की तेवढ्यापुरतं डोळ्यांनी साथ सोडायची, याहून एकटेपण कोणतं?

वडील गेले तेव्हा मी त्यांच्या डोक्याशी बसलो होतो. रात्रभर तिथेच बसलो असल्यामुळे तीच जागा माझी झाली होती. सकाळी लोक येऊ लागले. आपल्याकडे माणसं दर्शनाला पायांकडून येतात, पायांवर डोकं ठेवतात, मग मान वर करून चेहरा बघतात. येणारा प्रत्येक जण तो चेहरा बघून रडत होता आणि मला रडू येत नव्हतं. माझ्यासमोर एक शांत, बंद डोळ्यांचा, मला न ओळखू येणारा म्हातारा होता. आत्या म्हणाली, "इकडून ये, बाबाला नीट पाहून घे." मी उठून पायांकडे गेलो, आणि मग मला माझे वडील दिसले. आपल्या या रीतीमागे कुणी असा विचार केला असेल असा माझा दावा नाही. पण त्या दिवसापासून कुणाच्याही घरी गेलो आणि डोक्याशी बसलेलं जवळचं माणूस दिसलं, तर मी त्याला हात धरून पलीकडे नेतो.

इतकी वर्षं रोज उलटे चेहरे बघून मला ते ओळखण्याची सवय का झाली नाही, हा प्रश्न मला स्वाभाविकच पडतो. सरावाने काय होतं याचा शोध अनेकांनी घेतला आहे. १९८६ साली र्‍हिया डायमंड आणि सुझन केरी यांनी कुत्र्यांच्या जातींचे जाणकार निवडले. त्यांना माहीत असलेल्या जातीच्या कुत्र्यांचे फोटो उलटे केल्यावर या जाणकारांची ओळख चेहऱ्यांसारखीच ढासळली. सामान्य माणसांची तशी ढासळली नाही. म्हणजे दीर्घ सरावाने कुत्राही आपल्या डोळ्यांत चेहऱ्याइतकाच अखंड होतो, असा निष्कर्ष निघाला. पुढे दुसऱ्या संशोधकांना तो निकाल तसाच मिळाला नाही आणि वाद अजून आहे. मला जास्त बोलकी वाटते ती ब्राझीलमधल्या एका माणसाची गोष्ट. जन्मजात सांध्यांच्या विकारामुळे त्याचं डोकं मागे वळून पाठीकडे गेलेलं आहे, त्यामुळे आयुष्यभर त्याने समोरच्यांचे चेहरे स्वतःच्या चेहऱ्याच्या मानाने उलटेच जास्त पाहिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहरा शोधणं आणि चेहरे जुळवणं या दोन कामांत सरळ-उलट असा फरक त्याच्या बाबतीत दिसला नाही. इतरांच्या बाबतीत तो फरक मोठा होता. पण थॅचर यांच्या फोटोसारखा बिघाड पकडण्यात मात्र त्यालाही सरळ चेहराच सोपा गेला. म्हणजे काही आपण जन्मतः घेऊन येतो आणि काही डोळे वर्षानुवर्षं शिकतात, आणि या दोहोंच्या सीमा सरळ रेषेने आखता येत नाहीत.

माझ्यापुरतं मी एवढं सांगू शकतो की सरावाने मला उलटा चेहरा कळत नाही, पण उलट्या चेहऱ्याचे भाग कळतात. नाकपुडी फुलली, पापणी घट्ट मिटली, हनुवटीखालचा स्नायू ताणला, हे मला झटकन दिसतं. याला मी माणूस ओळखणं म्हणत नाही, कारण त्यातून त्याला किती दुखतंय हे कळत नाही. समोरासमोर बसलेल्या माणसाची वेदना न बोलता कळते. उलट्या चेहऱ्यावर तीच वेदना, संकोच, कंटाळा आणि डोळ्यांत गेलेला प्रकाश हे सगळं एकसारखं दिसतं. म्हणून आम्ही शिकलेलो असतो की पेशंटला आधीच सांगायचं, दुखलं तर डावा हात वर करा. डावा, कारण उजव्या बाजूला मी असतो. मी त्या हाताकडे लक्ष ठेवतो आणि पायांच्या अंगठ्यांकडेही. अंगठे ताठ झाले की मी थांबतो. चेहऱ्यापेक्षा ते मला जास्त खरं सांगतात.

आमच्या नागपुरात यात एक वेगळी अडचण आहे, ती खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात धरला की आतली त्वचा कडक होत जाते. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. यांच्या तोंडात दोन, पुढे एकच. गाल फुगवता येत नाहीत. तोंड उघडत नाही हे सगळ्यांना दिसतं, पण गालांची हालचाल गेल्यामुळे चेहऱ्यावरचं कमी होत जाणारं बोलणं सहसा कुणी बघत नाही. असा पंचविशीतला मुलगा माझ्यासमोर उलटा असतो तेव्हा तो पूर्ण गप्प असतो. "दुखून राह्यलं का?" असं मी दर थोड्या वेळाने विचारतो, कारण त्याच्याबाबतीत बघून कळण्याचा मार्ग दोन्ही बाजूंनी बंद झालेला आहे. माझ्या धंद्यात मला कशाचा सर्वांत जास्त राग येतो असं कुणी विचारलं तर मी पानठेल्यावरच्या त्या पुड्यांकडे बोट दाखवीन.

आतापर्यंत मी माझ्या बाजूने बोललो. पण खुर्चीत झोपलेल्या माणसालाही माझा चेहरा उलटाच दिसतो, आणि त्याची अडचण माझ्याहून फार मोठी आहे. मला निदान काम असतं. त्याच्यावर एक चेहरा झुकलेला असतो, नाकातोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, मागून दिवा, आणि जो थोडा भाग दिसतो तोही उलटा. मी धीर देण्यासाठी हसलो तरी ते हसू त्याच्यापर्यंत हसू म्हणून पोचत नाही. लोक ड्रिलच्या आवाजाला घाबरतात असं आपण म्हणतो. माझं मत असं बनलं आहे की त्या भीतीत वाचता न येणाऱ्या चेहऱ्याचा वाटा बराच असतो. भूल देणारे डॉक्टरही पेशंटच्या डोक्याशीच उभे असतात. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात काम केलेला माझा एक भूलतज्ज्ञ मित्र ऑपरेशनच्या टेबलाजवळ आला की आधी पेशंटच्या कडेला जातो, मास्क खाली करून नाव विचारतो आणि मगच डोक्याकडे वळतो. शस्त्रक्रियेच्या घाईत हे फार थोड्यांना सुचतं. त्याच्याकडून मी ते उचललं.

लहान मुलांसाठी आमच्या शास्त्राने यावर एक सुंदर तोड काढलेली आहे. अगदी छोटं मूल असलं की त्याला मोठ्या खुर्चीत झोपवत नाहीत. आई आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल आईच्या मांडीवर तिच्याकडे तोंड करून बसतं, पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, आणि मग आई त्याला हळूच मागे झुकवते, डोकं डॉक्टरच्या मांडीवर येईल असं. मला ते मूल उलटं दिसतं, मी त्याला उलटा दिसतो. पण त्याने डोळे थोडे खाली वळवले की समोर आईचा चेहरा असतो, सरळ. किती मुलं रडतच त्या चेहऱ्याला धरून राहतात हे मी पाहिलं आहे. काही आया घाबरून मान फिरवतात किंवा मोबाइलमध्ये बघतात. मी त्यांना स्पष्ट सांगतो, ताई, तुम्ही बघत राहा, आत्ता औषध तुमच्या तोंडावर आहे.

आणि मुलाला चेहऱ्याची ही ओढ कधीपासून असते? १९७५ साली अमेरिकेत जन्मून काही मिनिटंच झालेल्या बाळांसमोर चेहऱ्याचं साधं रेखाचित्र फिरवलं गेलं, तर अवयव विस्कटलेल्या चित्रापेक्षा बाळं त्याच्यामागे डोळे आणि मान जास्त वळवत होती. पण ओढ असली तरी ती पुरी व्हायला बघायला मिळावं लागतं. २००१ साली कॅनडात एक अभ्यास झाला. जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली, आणि दोन ते सहा महिन्यांची असताना उपचार झालेली मुलं त्यात होती. पुढे नऊहून अधिक वर्षं त्यांनी जग पाहिलं. डोळे वेगळे, तोंड वेगळं असले फरक त्यांना सगळ्यांसारखे ओळखता येत होते, पण चेहऱ्यातल्या अंतरांचे बारीक फरक नीट पकडता येत नव्हते. आयुष्याच्या आरंभीचे ते काही महिने भरून निघाले नव्हते. आपल्याकडे बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी आजी, पाळण्यावर वाकून बाळाच्या कलाने आपली मान तिरपी करणारी आई, ही माणसं त्या महिन्यांत काय देत असतात याची त्यांना कल्पनाही नसते. माझ्या मते बाळाच्या खोलीत मोबाइलपेक्षा माणसांचे चेहरे जास्त असावेत, आणि ते त्याच्यासमोर यावेत.

दवाखान्यात मी माझ्या परीने काही गोष्टी बदलल्या. पेशंट आत आला की खुर्ची सरळच असते. मी समोर बसतो, मास्क न लावता बोलतो, काय करणार ते सांगतो, मग मास्क, मग खुर्ची मागे. मध्ये थांबायचं झालं तर चूळ भरण्यापुरती का होईना खुर्ची वर घेतो आणि बाजूला येऊन डोळ्यांत बघतो. नवीन मदतनीस मुलगी आली की तिला पहिली गोष्ट ही सांगतो की तिने पेशंटच्या समोरच्या बाजूला असावं, कारण तिला जे दिसतं ते मला दिसत नाही. ती "सर, थांबा" म्हणाली की मी कारण न विचारता थांबतो. यात वेळ जातो. बाहेर बाकावर बसलेली माणसं घड्याळ बघतात, त्यांची मला जाणीव असते.

कवळीच्या कामात मात्र हा नियम आमच्या शास्त्रानेच घालून दिला आहे. दात आधी मेणात बसवून तोंडात लावून बघतात आणि ती तपासणी पेशंटला आडवं करून कधीच करायची नसते. वरच्या पुढच्या दोन दातांमधली रेघ नाकाच्या आणि ओठावरच्या खळीच्या रेषेत आहे का, हसताना दातांची ओळ एका बाजूला कलते का, हे मागून उलटं बघणाऱ्याला कळत नाही. समोरून, सरळ चेहऱ्यावर, न शिकलेल्या माणसालाही तेवढा फरक खटकतो. दात गेले की चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो, गाल आत जातात, आणि घरातली लहान मुलं आजीकडे जरा परकेपणाने बघू लागतात. त्यामुळे कवळी बसवताना नुसतं चावता येणं पुरत नाही, घरच्यांना आपलं माणूस परत मिळावं लागतं.

परवा सक्करदऱ्याच्या एक आजी मेणातले दात लावून बघायला आल्या. मी खुर्ची किंचित मागे घेऊन कडा तपासत होतो, आणि त्यांच्या हातात छोटा आरसा दिला. त्यांनी तो परत केला. "झोपून काय दिसन जी? उभी राहूनच पायतो," म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. खूप वेळ बघितलं. मग बाहेर बसलेल्या नातवाला हाक मारली आणि त्याच्यासमोर तोंड करून हसल्या. तो सातवी-आठवीतला मुलगा आजीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आजी, एकदम पहिल्यासारखी दिसते तू. पण दात थोडे इकडे आलेत." त्याने स्वतःच्या नाकाखाली बोट लावून दाखवलं. मी समोर बसून पट्टी धरली. मधली रेघ खरोखरच उजवीकडे होती, मिलिमीटर-दीड मिलिमीटर. दात मेणातून सोडवून पुन्हा बसवायचं ठरलं, आणि आजींना पुढच्या शुक्रवारी नातवाला घेऊनच यायला सांगितलं.